टीव्हीचा आवाज बेचाळीसवर

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर टू बीएचके. नवराबायको दोघं नोकरीला, मुलगा आठ वर्षांचा, आणि दीड वर्षापासून सासरे, म्हणजे आबा, वय ७६. सासूबाई गेल्या, मग कोल्हापूर जिल्ह्यातलं घर बंद करून मुलाने त्यांना इकडे आणलं. आबा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. सकाळी सहाला टीव्ही लागतो तो रात्री अकरापर्यंत, फक्त बातम्या, आवाज बेचाळीसवर. ताई आठ वाजता ट्रेन, रिक्षा करून घरी येतात तर लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या आपल्याच घरातली डिबेट ऐकू येते. आवाज कमी करा म्हटलं की आबा करतात, दहा मिनिटांत पुन्हा बेचाळीस. सगळ्यांनी मिळून मालिका बघू म्हटलं तर उठून आत जातात. नातू रात्री विचारतो, आई आपल्याकडे पण चोर येऊन मारतील का. शनिवारी सगळे बाहेर जेवायला जातात तर आबा तिथे गप्प बसून राहतात, अर्धी दालखिचडी खातात आणि घरी चला म्हणतात. एकदा सातला निघायचं ठरलं होतं तर पाचलाच बूट घालून सोफ्यावर बसले आणि नंतर दोन तास धुसफुसत होते. मागच्या महिन्यात तर हॉटेलच्या मॅनेजरशी सर्विस चार्जवरून वाद घातला, ताईंना मान खाली घालावीशी वाटली. शेवटी त्या लिहितात, "त्यांच्या मुलाने सांगितलं की ऐकतात, मी सांगितलं की मुद्दाम दुर्लक्ष करतात. आता विसरायलाही लागलेत. रिचार्ज संपलाय म्हणून सांगू का, त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही घेऊन देऊ का, शनिवारी त्यांना घरीच ठेवू का, की सरळ गावी पाठवू? मी वाईट सून आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. दिवसभर ऑफिस आणि दोन तास प्रवास करून आलेल्या माणसाला घरात पाय टाकल्यावर शांतता हवी असते, त्यात वाईट काही नाही, ते घर तुमचंही आहे. आणि तुम्ही पत्र लिहिलंत, नुसता रिमोट लपवला नाहीत.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना मला टीव्ही दिसेनासाच झाला. मला दिसले ते पाच वाजता बूट घालून बसलेले आबा.

तुम्ही म्हणालात "सात वाजता निघू". आता हे शब्द मोठ्याने म्हणून बघा: सात. पाच. आठ. तिन्हीत "आ" तेवढा ठसठशीत, बाकीची अक्षरं नुसती हवेची, स, च, ठ. वयाने कान उतरतो ना तेव्हा तो एकदम सगळीकडून उतरत नाही, आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात, आणि स, श, च, फ, थ ही अक्षरं नेमकी तिथली. स्वर ऐकू येतो, अक्षर कळत नाही. म्हणून माणूस म्हणतो "मला ऐकू येतंय की", आणि खरंच येत असतं, पण काय बोलले ते अंदाजाने जुळवावं लागतं. आबांनी जुळवलं, पाच. आणि मग तुम्ही निघालात सातला, त्यांच्या हिशोबाने दोन तास उशिरा, एकालाही त्याचं काही वाटत नाही. टाइम ऑफिसला आयुष्य काढलेला माणूस आहे तो, दुसऱ्यांच्या उशिराची नोंद ठेवायची हीच त्यांची नोकरी होती. धुसफुसणार नाहीत तर काय करतील.

आता तुमचीच बाकीची वाक्यं याच्या शेजारी ठेवा. मुलाचं ऐकतात, माझं नाही. मुलाचा आवाज पुरुषी, खालच्या पट्टीतला. तुमचा बारीक, नातवाचा त्याहून बारीक. आवाज कमी केला की दहा मिनिटांत वाढतो, कारण कमी आवाजात त्यांना शब्द लागत नसतील. मालिका बघत नाहीत, कारण मालिकेत अर्धं बोलणं कुजबुजत आणि मागे सतत म्युझिक. न्यूज चॅनेलवर मात्र निवेदक समोर बघून ठणकावून बोलतो, ओठ दिसतात, आणि खाली तीच बातमी हातभर अक्षरांत लिहिलेली असते, हुकलं तर वाचता येतं, वाचताना हुकलं तर पाच मिनिटांनी पुन्हा येतं. सगळ्या घरात त्यांना नीट समजेल अशा पद्धतीने बोलणारं माणूस कोण, तर तो निवेदक. हॉटेलात गप्प बसतात, कारण शनिवारी रात्रीच्या हॉटेलात भांडी, गाणी, शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस आणि त्यात तुमचं बोलणं, त्या कल्लोळातून शब्द वेगळे काढणं हे उतरलेल्या कानाला सगळ्यात अवघड जातं. आणि "विसरायला लागलेत" म्हणता, तर ताई, जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार?

मी डॉक्टर नाही. एका पत्रावरून निदान करायचा मला अधिकारही नाही आणि माझं चुकलेलं असू शकतं. पण हे मी इतक्या ठामपणे लिहितेय कारण आमच्या घरात हेच झालं आणि आम्हाला दोन वर्षं लागली. माझी आई. आम्ही भावंडं फोनवर एकमेकांना सांगायचो, आई हट्टी झाली, आई तुटक झाली, आईला आता कुणाशी बोलायला नको वाटतं. एकदा तिला ताप होता, मी डिजिटल थर्मामीटर तिच्या काखेत ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला तिथे ती पीप पीप ऐकू आली. मी चहा गाळला, दोन कप घेऊन आले, आई तशीच बसलेली, हात घट्ट आवळून, थर्मामीटर काखेत. मी म्हटलं अगं वाजलं की केव्हाचं. ती म्हणाली, "वाजलं?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही किती दिवसांपासून आमच्या ओठांकडे बघतेय. त्या दोन वर्षांत तिला आम्ही जे जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते.

तर पहिलं काम, कान तपासणं. त्याआधी दोनतीन दिवस घरात नुसतं लक्ष ठेवा. ते पेपर वाचत असताना मागून, टीव्ही बंद असताना, नेहमीच्या आवाजात काहीतरी साधं विचारा, चहा ठेवू का. मग तेच समोर येऊन विचारा. फरक पडतो का बघा. परीक्षा घेतोय असं मात्र वाटू देऊ नका. तुमचा संशय खरा ठरला नाही तरी तपासणी करून घ्याच, ७६ व्या वर्षी ती तशीही करायला हवी. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, कारण कधी कधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की निम्मं काम होतं. त्यानंतर ऑडिओमेट्री, आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं, दुखतबिखत नाही. मुंबई-ठाण्याच्या वाचकांना सांगते, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, ऐकणं आणि बोलणं हाच त्यांचा विषय. सरकारी ठिकाण म्हटल्यावर वेळ काढून जावं लागेल, पण दुकानात कानाचं मशीन विकायला बसलेल्या माणसाकडून तपासून घेण्यापेक्षा ते बरं. ऑनलाइन मिळणारी आवाज वाढवायची स्वस्त यंत्रं घेऊ नका, ती सगळेच आवाज सरसकट वाढवतात, मिक्सरचासुद्धा. मशीन लागलंच तर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञाकडून, आबांच्या कानाच्या रिपोर्टप्रमाणे सेट केलेलं, आणि शक्य असेल तर काही दिवस ट्रायलला घेऊन मग. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, महागातलंच घ्या असं काही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसांना अशा साधनांसाठी ३००० रुपये मिळतात, चष्मा, काठी, श्रवणयंत्र असं. मशीनच्या मानाने रक्कम लहान आहे पण चौकशी करा.

आणि हे काम तुमच्या नवऱ्याने करायचं आहे. पत्रभर सगळं "मी काय करू" असंच आहे, आबा ज्यांचे वडील आहेत ते गृहस्थ पत्रात फक्त शनिवारी हॉटेलात दिसतात. तुम्हीच म्हणताय मुलाचं ऐकतात, मग त्याने रजा टाकावी आणि स्वतः घेऊन जावं. आबांना "तुम्हाला ऐकू येत नाही" असं तोंडावर कुणी म्हणू नका. चाळिशी लागली की आपण चष्मा मिरवतो, पण कानाचं मशीन म्हटलं की माणूस म्हातारा ठरतो, आणि गावाकडे तर ऐकू न येणाऱ्याची जी टिंगल होते ती त्यांनी आयुष्यभर बघितलेली असणार. "कानात मळ असेल, एकदा साफ करून घेऊ आणि तपासून पण घेऊ", एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. आणखी एक, दुर्लक्षित बहिरेपण हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या गटाने २०२० च्या अहवालात म्हटलंय. घाबरवायला नाही सांगत, पण "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका.

आता तुमचे चार पर्याय.

रिचार्ज संपला म्हणून सांगणं, हे करू नका. पेपर आणि बातम्या रोज वाचणारा माणूस आहे, दोन दिवसांत त्यांना कळेल आणि मग घरात कुणाच्याच बोलण्यावर विश्वास राहणार नाही. ज्याला आधीच निम्मं ऐकू येतं त्याच्याशी उरलेलं निम्मं तरी खरं बोलावं.

खोलीत वेगळा टीव्ही. हा पर्याय सगळ्यात मोहाचा आहे आणि मला सगळ्यात भीती याचीच वाटते. हॉल शांत होईल, पहिले पंधरा दिवस तुम्हाला स्वर्ग वाटेल. आबा ताट घेऊन आत जायला लागतील, दार लोटलं जाईल, आणि मग एके दिवशी तुमच्या लक्षात येईल की आज दिवसभरात आपण त्यांच्याशी फक्त "जेवायला वाढू का" एवढंच बोललो. हॉलमधला टीव्ही त्रासाचा आहे खरा, पण त्या टीव्हीमुळे ते निदान तुमच्यात बसलेले असतात. त्यापेक्षा वायरलेस हेडफोन घ्या, हे मात्र लगेच करता येईल, डॉक्टरच्या आधीसुद्धा. आवाज थेट कानात, खोलीतला गोंगाट मधे नाही. हल्लीच्या चपट्या टीव्हीत स्पीकर पाठीमागे नाहीतर खाली असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, जुन्या डब्बा टीव्हीचा समोरून यायचा, त्यामुळे "पहिल्या टीव्हीवर नीट ऐकू यायचं" असं ज्येष्ठ म्हणतात ते उगाच नसतं. हेडफोन नको म्हणाले तर छोटा साउंडबार लावून बघा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज स्पष्ट करायचा मोड असतो तो चालू करा. बेचाळीसचा आकडा बराच खाली येईल असं मला वाटतं.

गावी पाठवणं. इथे शब्दच तपासा ताई, "पाठवणं". कुरिअर पाठवतात. आबांना कुणी विचारलंय का त्यांना काय हवंय? कदाचित त्यांना जायचंच असेल, वर्षातून दोनदा, महिनाभर, घर उघडून झाडून घ्यायला, चार ओळखीच्या लोकांत बसायला. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, म्हणजे आबांना तिकीट नाही, आणि ६५ ते ७५ मधल्यांना निम्मं. खोपटच्या एसटी स्टँडला नेऊन गाडीत बसवायचं, तिकडे उतरवून घ्यायला कुणी आहे एवढं बघायचं. पण हे रागाच्या भरात ठरलेलं नको, परत कधी येणार त्याची तारीख ठरवून, आणि परत येताना नातवाने फोन करून "आबा कधी येताय" विचारलेलं असावं. एकटं कायमचं तिथे ठेवायचा विचार असेल तर तो या वयात, सासूबाई नसताना, मला पटत नाही.

आणि शनिवारी घरी ठेवणं. याच्यावर जरा सविस्तर बोलते कारण यात तुमचा माझा सगळ्यांचाच एक गैरसमज आहे, की बाहेर जेवणं म्हणजे रात्री साडेआठला, एसी, वेटिंग, मोठ्ठं मेनूकार्ड. आबांच्या जागेवर बसून बघा. वेटर काहीतरी विचारतो, बिसलरी की साधं, ते ऐकू आलेलं नाही, सगळे त्यांच्याकडे बघतायत, ते "चालेल" म्हणतात. मेनूकार्ड हातात येतं, त्यांची पिढी ते उजवीकडून वाचते, आधी किंमत मग पदार्थ, आणि सगळ्यात कमी आकडा दिसतो त्यावर बोट, दालखिचडी. ती त्यांना आवडते म्हणून मागवत असतील असं मला वाटत नाही. मग अख्खा तास मुलगा, सून, नातू हसतायत, काय झालं ते कळत नाही, आणि पुन्हा पुन्हा "काय म्हणाला?" विचारायचं ते टाळतात, आपला कंटाळा आलाय म्हणून नाही, आपण कंटाळू म्हणून. मग घरी चला.

त्यांना घरी ठेवू नका, वेळ बदला. रविवारी सकाळी साडेनऊ, किंवा शनिवारी दुपारी चारला. गर्दी नाही, गाणी नाहीत, कोपऱ्यातलं टेबल मिळतं, त्यांची पाठ भिंतीला, उजेड तुमच्या चेहऱ्यावर, नातू त्यांच्या समोर, शेजारी नाही. बघा किती फरक पडतो. आणि त्यांना आपल्या आवडीच्या ठिकाणी नेण्याऐवजी एकदा त्यांच्या आवडीचं काय ते विचारा. कोल्हापूरकडचा माणूस, ठाण्यात दीड वर्ष राहिलाय आणि तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाल्लेली नाही असं असेल तर ती चूक आपली आहे. कमी तिखट सांगा, वय बघता. ते म्हणतील, ही कसली मिसळ, आमच्याकडे पावाबरोबर नाही ब्रेडच्या स्लाइसबरोबर देतात, कट असा असतो, फरसाण तसं असतं. म्हणू द्या. तेच तर हवंय. दीड वर्षात पहिल्यांदा एखाद्या विषयात या घरात सगळ्यात जास्त त्यांना कळत असेल. नातवाला म्हणावं, आबांना विचार कोल्हापुरात मिसळ कशी करतात, आणि तोंड वर करून, सावकाश विचार. ओरडून नाही हं, ओरडलं की शब्द फाटतात, सावकाश आणि समोरून, एवढंच पुरतं. पुण्यातले, दादरचे वाचक असतील त्यांनीही हेच करा, नारायण पेठेत बेडेकरांकडे किंवा दादरला १९१० पासूनच्या मामा काण्यांकडे आडवेळेला न्या, आपल्या आईवडिलांना तिथलं काय काय आठवतं ते ऐका.

मधेच सर्विस चार्जचं. मला सांगावंसं वाटतं की त्या दिवशी आबा बरोबर होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने सर्विस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, तो द्यायचा की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. हिशोब बघा, जेवण २४०० चं, त्यावर १० टक्के म्हणजे २४०, वर त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, बिल होतं २७७२. सर्विस चार्ज काढला तर २५२०. म्हणजे २५२ रुपये एका जेवणाला. जीएसटी द्यावाच लागतो, तो कर आहे, सर्विस चार्ज कर नाही. पैसे द्यायच्या आधी शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरला द्यायचे असतील तर हातात द्या. तुम्हाला मान खाली घालावीशी वाटली ती आवाजामुळे, आणि ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो कारण स्वतःचा आवाजही त्याला नीट कळत नाही. मुद्दा मात्र त्यांचा खरा होता, आणि तो त्यांना कदाचित बातम्यांमधूनच कळला असेल. घरी जाऊन त्यांना एकदा सांगा, आबा तुमचं बरोबर होतं. मला वाटतं दीड वर्षात हे वाक्य त्यांनी ऐकलेलं नाही.

आता बातम्या. कानाचं काहीही निघो, सतरा तास बातम्या हे कुणालाच बरं नाही, याबाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. आबांच्या तरुणपणी बातम्या संपायच्या. आकाशवाणी सांगलीला, नंतर दूरदर्शनला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, गावोगावी टीव्ही पोचला तो १९८२ च्या एशियाडनंतर, पण रेडिओ असो की टीव्ही, निवेदक "बातम्या संपल्या" म्हणायचा आणि माणसं उठून जेवायला, गोठ्यात, कट्ट्यावर जायची. कट्ट्यावर तीच बातमी पुन्हा व्हायची, जास्त चवीने. २००७ मध्ये मराठीत चोवीस तासांची चॅनेल आली, झी चोवीस तास, स्टार माझा, आणि बातम्या संपायच्या थांबल्या. चॅनेलला दर आठवड्याच्या टीआरपीची चिंता असते, तुम्ही उठून गेलात की त्यांचा तोटा, त्यामुळे "थोड्याच वेळात" म्हणून लटकवून ठेवणं हे त्यांच्या धंद्यातच आलं. आबांनी उठून जायचं तर जायचं कुठे? एकोणिसाव्या मजल्यावर कट्टा नाही. खाली सोसायटीत ज्येष्ठांचा गट असेल, गेले असतील एकदोनदा, सातआठ जणांच्या घोळक्यात कळलं नसेल आणि परत आले असतील. मशीन लागल्यावर पुन्हा जाऊ देत, आणि सुरुवातीला घोळका नको, एकच माणूस गाठून द्या, साधारण त्यांच्याच वयाचा, शक्य असेल तर त्यांच्याच भागातला. ठाण्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं काही कमी नाहीत. स्टेशनकडे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, वाचणाऱ्या माणसासाठी त्याहून चांगली जागा नाही, घोडबंदरहून रोज जमणार नाही पण आठवड्यातून एकदा तुमच्या नवऱ्याने सोडलं तर जमेल. तिथे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही, तिथे सगळेच गप्प बसतात.

आणि नातवाचं त्यांना सांगा. चोर मारतील का असं तो रात्री विचारतो हे आबांना माहीत आहे का? मला खात्री वाटत नाही. तो ते तुमच्या कुशीत, अंधारात, बारीक आवाजात विचारतो. आजोबांपर्यंत ते पोचलेलंच नाही. "टीव्हीचा त्रास होतो" असं सांगितलं तर ती तक्रार होते. "आबा, बाळ घाबरतोय, रात्री झोपत नाही" असं समोर बसून सांगितलं तर तो आजोबाला दिलेला निरोप होतो. साडेआठ ते साडेनऊ टीव्ही बंद, एवढंच मागा, सतरातला एक तास. पण मग त्या तासात मोबाईलही बंद, तुमचा आणि नवऱ्याचासुद्धा. टीव्ही बंद करून तुम्ही दोघं रील्स बघणार असाल तर आबांनी काय भिंतीकडे बघत जेवायचं? त्या वेळात आज काय बातम्या होत्या ते आबांनाच नातवाला सांगू द्या, पण चोरदरोडे सोडून, पावसाचं, धरणाचं, उसाच्या भावाचं, मॅचचं. ते निवडून सांगतील. दिवसभर बघितलेल्याचा कुणाला तरी उपयोग होतोय असं वाटलं तर माणूस निवडून बघायलाही लागतो, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही. आधी हेडफोन, मग रविवारची मिसळ, आणि दरम्यान नवऱ्याला अपॉइंटमेंट घ्यायला लावा, तारीख फ्रिजवर लिहून ठेवा, सात वाजता आहे की पाच वाजता ते आकड्यात, मोठ्या अक्षरात. घरातले बाकीचे निरोपही असेच लिहून ठेवत जा, एक छोटा बोर्ड आणा.

मशीन लागलं तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिथेच बहुतेक घरांत माशी शिंकते. सुरुवातीला ते नको नको होतं. माझ्या आईने पहिल्या दिवशी पंखा बंद करायला लावला, म्हणाली घरघर करतोय. पेपरचं पान उलटलं तरी दचकायची. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम आल्यावर मेंदूला ते लावून घ्यायला आठवडे लागतात, आणि तोवर मशीन डबीत आणि डबी कपाटात जाते. तसं होऊ देऊ नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकदोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. तो एक माणूस नातू असला तर उत्तम, शाळेतून आल्यावर, तुम्ही दोघं घरी पोचायच्या आधी. काय ऐकू आलं, काय नाही, ते त्या दोघांनाच ठरवू द्या. त्रास होत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे परत नेऊन सेटिंग बदलून आणायचं, दोनतीन फेऱ्या लागतात, तेवढ्या नवऱ्याच्या रजेत आत्ताच धरून ठेवा. आणि तपासणीचा रिपोर्ट आला की मला कळवा, माझा अंदाज चुकला असेल तरीही.